स्माइल प्लीज... एक कोपरा सोडून!

क्लिनिकमधल्या मुलीने माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाली, ''मॅम, स्माइल!''

मी दिलं. साडेनऊ हजार मोजल्यावर कोण देणार नाही? आणि खरं सांगते, पहिले दोन सेकंद मी जाम खूश होते. टूथपेस्टच्या जाहिरातीतले वाटावेत असे दात आणि ते चक्क माझे! तिसऱ्या सेकंदाला मला तो दिसला. वरच्या ओळीतला पुढचा उजवा दात, त्याचा खालचा आतला कोपरा. ग्लुकोजचं बिस्किट खाऊन तोंड न धुतल्यासारखा एक पिवळा तुकडा. मी जिभेने घासून पाहिला, मग बोटाने. जाईना.

''मॅम, इथे फिलिंग आहे का?'' मुलीने हळूच विचारलं. ''फॉर्मवर तर तुम्ही 'नाही' लिहिलंय.''

लिहिलं होतं. तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

पण आधी व्हाइटनिंगचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. माझे दात काही वाईट नव्हते. आमच्या आजीसारखी मिश्री मी लावलेली नाही. पण हिंजवडीत नऊ वर्षं नोकरी करायची म्हणजे दिवसाला चार चहा, दोन मशीनच्या कॉफ्या आणि संध्याकाळी कॅब मिळेपर्यंत टपरीवरचा एक कटिंग हे आलंच. २०२० पासून व्हिडिओ कॉल सुरू झाले आणि समोरच्याचं राहिलं बाजूला, मी स्वतःचंच तोंड बघत बसायला लागले. लॅपटॉपच्या त्या कॅमेऱ्यात मोरपंखी कुर्तासुद्धा राखाडी दिसतो, तिथे दातांची काय कथा? त्यात २०२४ च्या नोव्हेंबरात दादाचा साखरपुडा ठरला. रविवार, २४ तारीख. फोटोग्राफर बुक झाला, आईची पैठणी बाहेर निघाली. मी विचार केला, आपणही काहीतरी करू या ना!

मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर दिवाळीची ऑफर अजून चालू होती. एका तासात दात कितीतरी शेड उजळ, वर क्लीनिंग फ्री. शनिवारी १६ तारखेला अपॉइंटमेंट मिळाली. साखरपुड्याला आठ दिवस होते. भरपूर वेळ आहे असं मला वाटलं.

फॉर्मवर प्रश्न होता : 'पूर्वी दात भरून घेतले आहेत का?' मी 'नाही'वर टिक केली. खोटं बोलायचं म्हणून नाही हो. एक तर मला वाटलं, हा प्रश्न किडलेल्या दातांबद्दल आहे. आणि दुसरं म्हणजे त्या कोपऱ्याबद्दल 'काही नाही' म्हणायची मला एकवीस वर्षांची सवय होती.

२००३ च्या मे महिन्याच्या सुट्टीतली गोष्ट. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत एका वाड्यात भाड्याने राहायचो. मी दहा वर्षांची, दादा बारा. आईचा नियम एकच : सायकल गल्लीत चालवायची, टिळक रोड ओलांडायचा नाही. दादाने मला डबलसीट घेतलं आणि आम्ही थेट पर्वती गाठली. येताना उतारावर त्याला ब्रेक लावावासा वाटला नाही. मी कॅरिअरवरून उडाले ती तोंडावर. गुडघे फुटले, ओठ फाटला आणि दाताचा कोपरा रस्त्यावरच राहिला. रडणं थांबल्यावर दादाने माझ्या हातात पेप्सीकोला दिला आणि म्हणाला, ''आईला सांगायचं, जिन्यावरून पडलीस.''

वाड्याचा जिना अंधारा होता, लाकडी होता आणि धरायला फक्त एक दोर लोंबत होता. त्यामुळे आईला जराही शंका आली नाही.

संध्याकाळीच गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरकाकांनी कोपरा बांधून दिला. पुढे २०१३ मध्ये, मी कॉलेजला असताना, तो निघाला आणि काकांनीच नवा बसवला. इतका बेमालूम की मलाही तो नखाने चाचपूनच सापडायचा. आधी गुपित राखायचं म्हणून आणि नंतर नुसत्या सवयीने, त्या दाताचा विषय मी कुणाकडे कधी काढलाच नाही. फोटोत ओठ मिटून हसायचं, झालं.

तर, मॉलमधली ती खुर्ची. ओठ ताणून धरायला प्लॅस्टिकची फ्रेम, हिरड्यांवर एक पेस्ट लावून ती निळ्या लाइटने घट्ट केली, मग दातांवर जेल आणि समोर दिवा. पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन राउंड. दुसऱ्या राउंडला त्या पुढच्या दातात अशी सणक गेली की मी खुर्चीचा हात आवळून धरला. ''नॉर्मल आहे मॅम,'' मुलगी म्हणाली. डॉक्टर सुरुवातीला दोन मिनिटं तोंडात डोकावून गेले होते, ते आता आरसा प्रकरणानंतर परत आले.

''फिलिंग व्हाइट होत नाही,'' ते म्हणाले. ''बदलावं लागेल. चार हजार. आत्ता करून टाकू या का? अर्ध्या तासाचं काम आहे.''

मी 'हो' म्हणणारच होते. खरंच! तोंड सुन्न, डोळ्यांत पाणी, आठ दिवसांवर साखरपुडा. पण बाहेर पुढची बाई घड्याळ बघत बसली होती आणि क्रेडिट कार्डाचं बिल माझ्या डोळ्यांसमोर होतं. ''उद्या येते'' म्हणून सटकले. माझ्या कंजूषपणाचे एवढे उपकार आयुष्यात कधी झाले नसतील. का, ते पुढे येईलच.

हातात त्यांनी एक कागद दिला होता. दोन दिवस चहा, कॉफी, हळद, बीट, रंग सोडणारं काहीही खायचं नाही. आता मला सांगा, मराठी घरात हळद सोडून काय उरतं? पोहे गेले, पिठलं गेलं, आमटी गेली, बटाट्याची भाजी गेली. मी दहीभात आणि साबुदाण्याच्या खिचडीवर आले. ''शनिवार कधीपासून धरलास?'' आईने विचारलं. मी ओठ मिटून 'हं' केलं. रविवारीही खिचडी मागितल्यावर तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. सोमवारी ऑफिसला मास्क लावून गेले. कोविडनंतर कपाटात ढीग पडलाच होता. 'सर्दी झालीये' सांगितलं की लोक स्वतःहून लांब बसतात. बेस्ट.

सोमवारी संध्याकाळी मात्र मी सदाशिव पेठेत डॉक्टरकाकांकडे जाऊन बसले. काका आता सत्तरीला आले आहेत. क्लिनिक अजून तेच. एक ते चार बंद, हे सांगायला नकोच. बाकावर तेच जुने दिवाळी अंक. मला बघून म्हणाले, ''ये गं, जिनेवाली.'' माझा दात त्यांच्याकडे त्याच नावाने जमा होता.

मी मास्क काढला आणि हसून दाखवलं. काका काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून त्यांनी शेड गाइड काढली. ती तुम्ही पाहिली असेल, एका पट्टीत ओळीने लावलेले सोळा खोटे दात, प्रत्येकावर नंबर. ए म्हणजे तांबूस तपकिरी छटा, बी तांबूस पिवळी, सी राखाडी, डी तांबूस राखाडी. अक्षरापुढचा आकडा वाढत जातो तसा दात गडद. सगळ्यांत उजळ बी-१. मग त्यांनी माझं जुनं कार्ड शोधलं. पिवळं पडलेलं, त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं : २०१३, ए-३. पट्टीतला ए-३ त्यांनी माझ्या त्या कोपऱ्याला लावून आरसा धरला. हुबेहूब. फक्त कडेला चहाची एक बारीक रेघ होती.

''बघ,'' काका म्हणाले, ''फिलिंगला काही झालेलं नाही. ते होतं तिथेच आहे. तुझे दात पुढे निघून गेले.''

म्हणजे वीस वर्षांची असताना माझे दात ज्या रंगाचे होते, तो रंग मी इतकी वर्षं त्या कोपऱ्यात घेऊन फिरत होते. बाजूचे दात चहाबरोबर हळूहळू गडद झाले असतील, पण इतके नाही की फरक कळावा. फरक कळला तो एका तासात, उलट्या दिशेने.

मग काकांनी मला सगळा फंडा समजावला, आणि तो मला साडेनऊ हजारांच्या आधी कळायला हवा होता. दाताचं वरचं आवरण, म्हणजे एनॅमल, दिसायला काचेसारखं असलं तरी त्यात अतिसूक्ष्म वाटा असतात. व्हाइटनिंगच्या जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड, ज्यातून शेवटी तेच बाहेर पडतं. क्लिनिकमधल्या जेलमध्ये त्याचं प्रमाण साधारण २५ ते ४० टक्के. घरी ट्रेमध्ये घालून लावायचं १० टक्के कार्बामाइडचं जेल असतं, त्यातून जेमतेम साडेतीन टक्के पेरॉक्साइड सुटतं. हे पेरॉक्साइड एनॅमलमधून आत जातं आणि रंग धरून बसलेले मोठे रेणू तोडतं. तुटले की ते रंग दाखवत नाहीत. दात घासून पांढरा होत नाही, आतून फिका होतो.

फिलिंगचं तसं नाही. आपण सरसकट 'सिमेंट भरलं' म्हणतो, पण दातांच्या रंगाचं फिलिंग म्हणजे काँपोझिट, एक प्रकारचं रेझिन आणि त्यात काचेची बारीक पूड. त्याचा रंग कारखान्यातच ठरतो. ''टी-शर्टवर रबरी प्रिंट असतं ना?'' काका म्हणाले. ''टी-शर्ट ब्लीचमध्ये टाकला तर कापड पांढरं होईल. प्रिंट होतं तसंच राहील.'' वरवर बसलेला चहाचा डाग पॉलिशने जातो, मूळ रंग नाही. सिरॅमिकच्या कॅपचं, व्हिनिअरचं तेच. पुढच्या दातावर कॅप असलेल्या माणसाने बाकीचे दात पांढरे करून घेतले, तर त्याला कॅपही नवी घ्यावी लागू शकते. आणि कॅप काही चार हजारांत होत नाही! रूट कॅनाल होऊन काळा पडलेला दात असेल, तर तो आतल्या बाजूने वेगळा ब्लीच करावा लागतो. बाहेरून कितीही जेल फासा.

''आणि सणक?'' मी विचारलं.

त्यांनी बारीक टोकाचं हत्यार फिलिंगच्या कडेने फिरवलं. एका जागी ते अडकलं. अकरा वर्षांत तिथे केसाएवढी फट पडली होती. एनॅमलमधून पेरॉक्साइड तसंही काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंत पोचतं, म्हणूनच व्हाइटनिंगनंतर एक-दोन दिवस सगळ्यांनाच कमी-जास्त झिणझिण्या येतात. पण फिलिंग सुटलं असेल किंवा दात किडलेला असेल, तर त्याला राजमार्ग मिळतो. म्हणून आधी तपासणी, गरज वाटली तर एक्स-रे, कीड असेल तर ती काढून दात तात्पुरता बंद करायचा, मग व्हाइटनिंग आणि पक्कं फिलिंग सगळ्यांत शेवटी. माझ्या बाबतीत यातलं काहीच झालं नव्हतं. अर्धी चूक त्यांची, अर्धी माझ्या त्या टिकेची.

माझ्या मागच्या दाढेत चांदी आहे. काकांनी तीही पाहिली. चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात पारा असतो, आणि पेरॉक्साइड लागलं की तो किंचित जास्त सुटतो असं प्रयोगांत दिसलंय. म्हणून जेल तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही. हसताना दिसणाऱ्या दातांपुरतंच काम असेल, तर सहसा तो प्रश्न येत नाही. पण एखाद्याच्या सुळ्यामागच्या दातात जुनी चांदी असेल, तर तिची करडी सावली व्हाइटनिंगने जात नाही, उलट आजूबाजूचं पांढरं झाल्यावर जास्त उठून दिसते. माझी दाढ पार मागे. ''ती आपली निवांत आहे, तिला कशाला उठवायचं?'' काका म्हणाले.

''बरं, मग हे पुढचं आत्ता बदलून टाका.'' मी खुर्चीत मागे टेकले. ''रविवारी दादाचा साखरपुडा आहे.''

''आत्ता नाही.''

मला वाटलं मस्करी करतायत. काकांनी हातमोजे काढले. म्हणजे नव्हती.

कारण असं. पेरॉक्साइड तुटल्यावर ऑक्सिजन सुटतो आणि तो बरेच दिवस एनॅमलमध्ये अडकून राहतो. काँपोझिट आणि त्याला चिकटवणारं बाँडिंग घट्ट व्हायला नेमका हा ऑक्सिजन आडवा येतो. लाइट मारला तरी दाताला लागून असलेला थर नीट पक्का होत नाही आणि पकड कच्ची राहते. म्हणून साधारण दोन आठवडे थांबायचं. दुसरं कारण रंगाचं. तासभर तोंड उघडं ठेवून दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. आरशात दिसलं ते थोडं खोटंच होतं! पुढच्या काही दिवसांत रंग एखादी पायरी खाली उतरून स्थिरावतो. शनिवारच्या रंगाला जुळवून फिलिंग केलं असतं, तर दोन आठवड्यांनी तोच कोपरा बाकीच्या दातापेक्षा पांढरा दिसला असता. पिवळा तुकडा जाऊन पांढरा तुकडा. चार हजारांत.

''तुला हवंच असेल तर लावून देतो,'' काका म्हणाले. ''पण वर्षभरात कड सुटली तर माझ्याकडे येऊ नकोस. नाही, येच. पण मी बोलेन.''

जरा वेळाने, माझा चेहरा बघून असेल, त्यांनी त्या कोपऱ्याला पॉलिश करून दिलं. चहाची रेघ गेली. पिवळा तो पिवळाच राहिला. निघताना म्हणाले, हे दात पांढरे करण्याचं तंत्र सापडलं तेही योगायोगानेच. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अर्कान्ससमध्ये एका दातांच्या डॉक्टरने हिरड्या सुजलेल्या पेशंटला पेरॉक्साइडचं औषध रात्री ट्रेमध्ये घालून लावायला दिलं. हिरड्या बऱ्या झाल्या, वर दात पांढरे झाले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ती पद्धत रीतसर लिहून काढली आणि मग जगभर धंदा सुरू झाला. त्या निळ्या दिव्याने फारसा जास्त फरक पडतो असं काही ठामपणे दिसलेलं नाही, काम करतं ते जेलच. युरोपात तर २०१२ पासून ६ टक्क्यांच्या वर पेरॉक्साइड वापरायला परवानगीच नाही. मी मनात म्हटलं, आणि मी ऑफर संपायच्या आत धावत गेले!

असो. रविवार आला.

लिपस्टिक मी गडद लावली. ती चूक होती, गडद लिपस्टिकने दात आणखी पांढरे दिसतात आणि कोपरा आणखी पिवळा. ती पुसून फिकी लावली. हॉलवर फोटोग्राफर प्रत्येक फोटोला ओरडत होता, ''करवली, हसा की जरा! दात दाखवा!'' मी ओठ मिटून हसत होते. दुपारपर्यंत माझे गाल दुखायला लागले.

जेवणाच्या टेबलावर होणाऱ्या वहिनीने बिचारीने प्रेमाने माझ्या कानात सांगितलं, ''ताई, दाताला पुरणाचं काहीतरी लागलंय.'' एवढं हळू की समोर बसलेल्या दादाला स्पष्ट ऐकू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडावर हात ठेवला, त्याआधीच त्याला दिसलं होतं.

दादा असा काही हळवा माणूस नाही. राखीपौर्णिमेला तो पाकीट टेबलावर ठेवतो आणि टीव्ही लावतो. पण त्याचा घास हातातच राहिला. ''तो तोच कोपरा ना?'' त्याने विचारलं. ''अजून आहे?''

''अजून म्हणजे काय? दात परत उगवतो का?''

''मला वाटलं, ठीक झाला असेल.'' मग तो वहिनीकडे वळला आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ''पुरण नाही ते. मी फोडलाय तो दात. पर्वतीच्या उतारावर. डबलसीट.''

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. उशीर झाला होता. आई आमच्या मागे जिलबीचं ताट घेऊन उभी होती.

''पर्वती?'' आई म्हणाली. ''जिन्यावरून पडलीस ना तू?''

आम्ही दोघं पुन्हा दहा आणि बारा वर्षांचे झालो. दादा ताटाकडे बघू लागला. मी म्हटलं, ''आई, एकवीस वर्षं झाली...''

''त्या जिन्यासाठी मी मालकांशी भांडले!'' आईचा आवाज चढला. ''अख्ख्या वाड्यासमोर! माझ्या पोरीचा दात गेला, लोखंडी कठडा बसवल्याशिवाय भाडं देणार नाही म्हटलं. बसवला बिचाऱ्यांनी, आणि पन्नास रुपये भाडं वाढवलं. चार वर्षं मी ते पन्नास रुपये दिले!''

वहिनीच्या आईने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. बाबा कुठेतरी लांब बघत होते. त्यांना ही गोष्ट आधीपासून माहीत असावी, असा माझा दाट संशय आहे.

''मालक गेले,'' आई जरा वेळाने म्हणाली. ''नाहीतर उद्या जाऊन माफी मागितली असती.'' ती ताट ठेवून निघून गेली. आम्हा दोघांना जिलबी वाढली नाही.

पाच मिनिटांनी परत आली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, ''बघू.'' मी दाखवला. तिने अंगठ्याने तो कोपरा चोळून पाहिला, अगदी मी आरशासमोर चोळला होता तसा. ''दुखतं का?'' ''नाही.'' ''मग हस की नीट. सकाळपासून काय मेलं तोंड करून बसलीयस!''

त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत मी दात दाखवून हसलेय. कोपरा दिसतोय. फोटोग्राफरने नंतर विचारलं, एडिट करून घालवू का? मी म्हटलं, राहू दे. नाही, असं काही थोर कारण नव्हतं, एडिटचे पैसे वेगळे होते.

शनिवारी, ७ डिसेंबरला, तीन आठवडे उलटून गेल्यावर, मी काकांच्या खुर्चीत बसले. काहीही करायच्या आधी, दात ओला असतानाच, खिडकीच्या उजेडात त्यांनी रंग पाहिला. पट्टीवर दोन दात पुढे-मागे करून शेवटी ए-१ वर थांबले. आरशात त्या दिवशी मी बी-१ होते बहुतेक! मग काँपोझिटचा एक छोटा ठिपका नुसताच दातावर ठेवून, चिकटवता, लाइट मारून रंग जुळतो का ते पाहिलं आणि नखाने उडवला. जुना तुकडा काढला. फटीच्या आत थोडा डाग होता, कीड नव्हती. मग अॅसिडचं निळं जेल लावलं. अॅसिडने एनॅमल जरा खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटवायची ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. ती नसती तर माझ्या कोपऱ्याला दातावर टिकायला काही आधारच नव्हता. जेल धुतलं, बाँडिंग लावलं, मग एकावर एक पातळ थर. आतला थोडा गडद, वरचा पारदर्शक, कारण खरा दातही एकाच रंगाचा नसतो. प्रत्येक थराला निळा लाइट. शेवटी घासून आकार दिला, पॉलिश केलं. पाऊण तास लागला.

''पुन्हा दात पांढरे करायचं खूळ आलं तर आधी मला फोन,'' काका म्हणाले. ''दात परत गडद होणार, तू चहा सोडणार नाहीस. हा कोपरा ए-१ च राहणार. तेव्हा परत बदलत बसायचं नसेल तर अधूनमधून घरच्या ट्रेने, कमी ताकदीच्या जेलने रंग राखायचा. मी ट्रे करून देतो. घाई नाही.'' कार्डावर त्यांनी २०१३ च्या खाली नवी ओळ लिहिली. मग वर 'जिना' लिहिलेलं होतं त्यावर काट मारायला गेले आणि थांबले. ''का गं, तेव्हा जिन्यावरूनच पडली होतीस ना?''

मी खरं ते सांगितलं. काका एवढे हसले की बाहेर बाकावरचे पेशंट आत डोकावले. मालक त्यांचेही पेशंट होते म्हणे. कठड्याच्या खर्चाबद्दल या खुर्चीत बसून खूप बोलायचे.

बिल तीन हजार झालं. रात्री फॅमिली ग्रुपवर नव्या दाताचा फोटो टाकला. वहिनीने बदाम टाकला. आईने 'बरं झालं' लिहिलं. दादाचं काहीच उत्तर नाही. अकराच्या सुमाराला फोन वाजला. जीपेवर त्याच्याकडून पाच हजार चारशे रुपये आले होते. मी हिशेब लावत बसले. तीन हजार फिलिंगचे, ते कळलं. वरचे चोवीसशे कसले?

खाली मेसेजमध्ये लिहिलं होतं : 'पन्नास गुणिले अठ्ठेचाळीस महिने. आईला दे.'